आधी तालीम, मग माईक

डबिंगच्या बूथमध्ये मी कधी बसून बोलत नाही. मारामारीचा प्रसंग असेल तर मुठी आवळतो, धावण्याचा असेल तर जागच्या जागी टाचा उचलतो. फक्त पायाचा आवाज माईकमध्ये जाऊ देत नाही. ही सवय श्रीरामपुरातल्या तालमींनी लावली. गणेशोत्सवाच्या मांडवात माईक दोनच, तेही वर टांगलेले. शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायचं तर बेंबीपासून श्वास घ्यावाच लागे. पुढे राज्य नाट्य स्पर्धेच्या नगर केंद्रावर उतरलो, तेव्हा दिग्दर्शक एकच गोष्ट बजावत: वाक्याचा शेवट गिळायचा नाही. आता बेलापूर स्टेशनवरून (आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव तेच) गाडी धरून मुंबईच्या स्टुडिओत जातो, तेव्हाही कामाला येतं ते हेच.

म्हणून नोबुयो ओयामा या जपानी अभिनेत्रीची कारकीर्द मला फार जवळची वाटते. १९७९ ते २००५ त्यांनी डोरेमॉनला आवाज दिला. पण अभिनय त्या शिकल्या टोकियोतल्या हाइयूझा या नाट्यसंस्थेच्या शाळेत. जपानमध्ये आवाजाचं हे काम उभं केलं ते मुख्यतः नाटकवाल्यांनी. तिथे एकत्र ध्वनिमुद्रणाची रीत आहे. मोजके माईक, सगळ्यांच्या हातात संहिता; आपली पाळी आली की पुढे व्हायचं, झाली की मागे, आणि पान उलटल्याचा आवाज येता कामा नये. ही तर तालीमच!

आपल्याकडे बूथमध्ये माणूस बहुतेक वेळा एकटा. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर पडदा. ज्याच्याशी भांडायचं, त्याची वाक्यं कुणीतरी आधीच बोलून गेलेलं असतं किंवा अजून बोलायची असतात. मग चिडायचं कुणावर? रिकाम्या जागेत माणूस उभा करायची सवय नाटकवाल्याला असते, ती इथे उपयोगी पडते. त्यात ओठांचं गणित. पात्राचे ओठ मिटले की आपल्या वाक्यात तिथे प, ब, म यांतलं काहीतरी पडायला हवं. ‘जरा ऐक’ अर्थाला चोख आहे, पण शेवटी ओठ मिटत असतील तर ‘जरा थांब’च बसतं. आणि हे सांभाळताना राग ओसरता कामा नये.

१९९३ साली दूरदर्शनवर आलेली ‘जंगल बुक’ ही मूळची जपानी मालिका. तिच्या हिंदी अवतारात शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. २०१६च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही तोच. तो शेरखान मला भीतीदायक वाटतो तो वाक्य तोडण्याच्या जागांमुळे. त्या जागा ‘पुरुष’सारखं नाटक रंगमंचावर गाजवलेल्या नटाच्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीला आवाज देणारे श्रेयस तळपदेही मराठी रंगभूमीवरूनच आलेले.

श्रीरामपुरातली मुलं मला विचारतात, घरी कोणता माईक घेऊ? माईक नंतर घ्या. यंदा गावात जो कुणी स्पर्धेचं नाटक बसवत असेल, त्याच्या तालमीला जा. भूमिका मिळाली नाही तर विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करा. दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला तिथे शिकाल, आणि डबिंगला सगळ्यात आधी तेच लागतं.