लामालेराचा हिशेब

गुरुवार, लेवोलेबा

इंडोनेशियातल्या लारांतुकाहून निघालेली लाकडी बोट अडोनाराच्या वाइवेरांग धक्क्याला लागली, तेव्हा निम्मे उतारू उतरले आणि त्यांच्या जागी कोंबड्या, सिमेंटची पोती आणि एक कोरी करकरीत मोटारसायकल चढली. उजव्या हाताला सोलोर बेट. तिथल्या लोहायोंग गावात पोर्तुगीज डोमिनिकन पाद्र्यांनी 1566 साली उभारलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिमोरच्या चंदनावर डोळा ठेवून केलेला उद्योग, आणि अंमल कागदोपत्री गोव्याच्या विजरईचा. 1613 मध्ये डचांनी किल्ला जिंकला, धर्म मात्र मागे राहिला. आमच्या बोटीच्या काचेवरही मेरीचं चित्र होतं. त्याच्या खाली सुकाणवाल्याच्या आवडत्या फुटबॉल क्लबाचं.

लेवोलेबाच्या खाडीत शिरताना डावीकडे लेवोतोलोक ज्वालामुखी धूर सोडत होता. नोव्हेंबर 2020 मध्ये तो मोठा फुटला. चार महिन्यांनी सेरोजा चक्रीवादळाचा पाऊस आला आणि त्यानं डोंगरावरची राख नि दगड खाली आणून पायथ्याची गावं गाडली. शेजारच्या उतारूला हे सारं विचारलं, तर त्यानं फक्त हातानं डोंगराकडून समुद्राकडे एक रेघ ओढून दाखवली.

लेवोलेबा हे लेंबाता जिल्ह्याचं ठाणं. भात, तळलेला मासा, झणझणीत सांबाल, झोप.

शुक्रवार, लामालेरा

इथली एसटी म्हणजे बाकं ठोकलेला ट्रक. लेंबाता बेट आडवं कापून दक्षिण किनाऱ्याला यायचं. अंतर पाहिलं तर फार नाही, पण रस्ता लाबालेकान डोंगराला वळसे घालत चढतो-उतरतो आणि दुपार खाऊन टाकतो. वाटेत मक्याची शेतं, काजूची झाडं, केळी. शेवटच्या वळणानंतर हे सगळं संपतं. काळा खडक, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चिकटलेली घरं, खाली अरुंद वाळू आणि पुढे थेट सावू समुद्र. नांगर लावावा अशी जागा गावात नाही. या गावाचं पुढे काय होणार हा प्रश्न घेऊन मी आले होते. मागे काय झालं असेल, ते त्या वळणावरच कळलं. यांना समुद्राशिवाय इलाज नव्हता.

पूर्वज लेपान बातान नावाच्या बेटावरून आले, ते बेट बुडालं म्हणून, अशी इथली कथा. या किनाऱ्यावर आधीपासून असलेल्यांनी त्यांना जागा दिली. त्या उपकाराचा हप्ता आजही चालू आहे, पण ते पुढे.

किनाऱ्याला शाकारलेल्या खोपींची रांग आहे. प्रत्येकीत एक पेलेदांग, म्हणजे शिकारीची नाव. लांबी दहा-बारा मीटर. फळीला फळी लाकडी खुंट्यांनी जोडलेली. लोखंडी खिळा शोधून सापडत नाही. नाळेच्या पुढे बांबूचा माचा काढलेला असतो. त्यावर लामाफा, म्हणजे भाला मारणारा, उभा राहतो. तो भाला फेकत नाही. बांबूच्या लांब दांड्यासकट स्वतःच देवमाशावर उडी घेतो, म्हणजे अंगाचं सगळं वजन पात्यामागे येतं. मग पोहत नावेकडे परत. ऐकताना शूर वाटतं, पण माच्यावर उभं राहून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो, आणि माझी नाव तर वाळूवर होती.

माझी घरमालकीण पन्नाशीची, नवरा गेलेली. अंगणात बांबूच्या ताटीवर देवमाशाच्या मांसाच्या काळपट, हातभर लांब पट्ट्या वाळत घातलेल्या. खाली बांबू उभा चिरून त्याची पन्हळ केलेली, आणि तिच्यात पट्ट्यांतून थेंब थेंब तेल गळत होतं. पिवळं, जरा दाट. पन्हळीच्या टोकाला पाण्याची रिकामी बाटली बांधलेली. तेलाचा दिवा लागतो, सांधे दुखले की चोळतात, पोटातही घेतात. वास सुकत घातलेल्या बोंबलांसारखा सुरू होतो आणि मग आपला रस्ता सोडून भलतीकडेच जातो. रात्री जेवणात तेच मांस होतं. खाल्लं. कडक, लोखंडी चवीचं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

‘हे कुणी आणलं?’ मी विचारलं.

‘भावाच्या नावेनं. मी विधवा आहे ना, माझा वाटा असतो.’

शनिवार, वुलांदोनीचा बाजार

पहाटे बायकांबरोबर निघाले. पूर्वी सगळ्या चालत जायच्या, डोक्यावर टोपलं घेऊन. आता बहुतेक ट्रकनं जातात. मालकीणबाईंच्या टोपल्यात देवमाशाच्या पट्ट्या, सुकवलेले उडणारे मासे आणि घरी काढलेलं मीठ.

झाडांच्या सावलीत दोन बाजू पडतात. किनाऱ्याच्या बायका एकीकडे, डोंगराच्या बायका दुसरीकडे. डोंगरवाल्यांपुढे मका, केळी, रताळी, विड्याची पानं, सुपारी. बराच वेळ नुसतं बघणं चालतं. मग बाजाराचा माणूस येतो, त्याची पट्टी गोळा करतो, तीही मालाच्याच रूपात, आणि शिट्टी फुंकतो. शिट्टीनंतरच देवघेव.

पैसा नाही. माप आहे मुंगा, म्हणजे सहा नग. वाळल्या मांसाच्या एका पट्टीला दोन मुंगा, म्हणजे बारा कणसं किंवा बारा केळी. भाव ठरलेला, तरी घासाघीस होतेच. भाव जागेवर राहतो, पण पट्टीची जाडी आणि केळ्याची लांबी यांवर खल चालतो. एका डोंगरवालीनं पट्टी उचलली, वाकवून पाहिली, हुंगली आणि ‘मागच्या महिन्याची आहे’ असं जाहीर करून परत टाकली. आमच्या बाईंनी तिच्याकडे न बघता म्हटलं, ‘तुमचा मका याच वर्षीचा आहे ना?’ दोघी हसल्या. सौदा झाला, वर दोन सुपाऱ्या आल्या.

नऊ-साडेनऊला टोपलं पालटलं होतं. गेलं तेव्हा मासळीचं, आलं तेव्हा शेताचं. देवमाशाची शिकार हा पुरुषांचा विषय म्हणून पुस्तकांत रंगवली जाते, पण तो देवमासा जेवणात मका होऊन येतो तो या बायकांमुळे. ज्या गावात मका पिकत नाही, तिथे ही गोष्ट भाल्याइतकीच महत्त्वाची आहे. मला तर जास्तच वाटते.

बाजाराच्या कडेला मात्र एक वेगळी ओळ होती. प्लास्टिकच्या बादल्या, चप्पल, साबण, शिकवणीच्या वह्या. तिथे मुंगा चालत नाही, रुपिया लागतात.

रविवार

रविवारी कुणी समुद्रावर जात नाही. 1920 च्या दशकात इथे आलेल्या बोडे नावाच्या जर्मन पाद्र्यांनी गावाला नुसता बाप्तिस्मा दिला असं नाही, आठवड्याची चालही लावून दिली. शिकारीचा हंगाम, म्हणजे लेवा, मे महिन्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. आरंभ किनाऱ्यावरच्या मिस्सेनं होतो; आदल्या संध्याकाळी समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. त्याच्याही आधी जमिनीचे मूळ मालक असलेल्या वुजोन कुळातली माणसं डोंगरावरच्या एका शिळेपाशी जाऊन देवमाशांना बोलावणं करतात. पाद्र्यांना हे ठाऊक आहे. कुणाचं काही बिघडत नाही.

मिस्सेनंतर एका म्हाताऱ्या लामाफांकडे गेले. सगळे त्यांना बापा म्हणतात. डाव्या हाताची दोन बोटं दोरानं नेली आहेत. भाला बसला की दोर असा पळतो की नावेच्या कडेवर पाणी ओतत राहावं लागतं, नाहीतर लाकडातून धूर निघतो. मी वाटणीबद्दल विचारलं, तर बापांनी काठीनं मातीत देवमासाच काढला आणि रेघा मारायला लागले.

हा भाग नावेच्या कुळाचा. हा लामाफाचा. हा वल्हेकऱ्यांचा. हा सुताराचा, हा भाल्याचं पातं घडवणाऱ्या लोहाराचा, हा शीड विणणाऱ्यांचा. डोक्याकडचा भाग जमिनीच्या मूळ मालकांचा. हाच तो हप्ता, आसरा दिल्याचा. आणि वाट्याला आलेल्यातून पुन्हा नात्यात, विधवांकडे, म्हाताऱ्यांकडे पोचवायचं. स्पर्म जातीचा मोठा नर पंधरा मीटरच्या पुढे जातो. एक मिळाला तरी गावातलं एखादंच घर कोरडं राहतं.

‘आणि निळा देवमासा?’

‘त्याला हात लावायचा नाही. त्यानं आमच्या पूर्वजांना वाचवलंय.’ बापांनी पायानं चित्र पुसलं. ‘हे मला वडिलांनी असंच मातीत शिकवलं. माझ्या नातवाला मोटारीचा हिशेब येतो, हा येत नाही.’

सोमवार

मोटार म्हणजे आउटबोर्ड इंजिन. ते लावलेल्या छोट्या होड्यांना गावात जोन्सोन म्हणतात. सकाळी सात-आठ जोन्सोन गेल्या, पेलेदांग खोपीतच राहिल्या. स्पर्म देवमाशाची शिकार पेलेदांगनंच करायची असा दंडक आहे, पण देवमासा दिसून ‘बालेओ!’ अशी आरोळी उठली की जोन्सोन पुढे होऊन पेलेदांगला ओढत नेते. गेबांग ताडाच्या पानांची विणलेली शिडं आता कमीच उघडतात. मी होते तेवढ्यात बालेओ झालाच नाही. एकदा पोरांनी ओरडून सगळ्यांना किनाऱ्यावर आणलं आणि स्वतःच पळून गेली.

दुपारी होड्या आल्या. दोन मोठे पाकट, एक मर्लिन, थोडे टूना. वाटणी माझ्यासमोर झाली आणि दहा मिनिटांत उरकली. आधी पेट्रोल वजा, मग इंजिनवाल्याचा वाटा, मग जाळंवाल्याचा, उरलं ते होडीतल्या चौघांचं. ना लोहार, ना शीड विणणारे, ना जमिनीचे मालक. एका पोरानं एक पाकट शेजारच्या म्हातारीला दिला, पण तो मनानं दिला. द्यावंच लागतं म्हणून नव्हे. मर्लिन लगेच बर्फात गेला, लेवोलेबाच्या व्यापाऱ्यासाठी.

बाहेरच्या जगात लामालेराचा प्रश्न एकाच ओळीत मांडला जातो: देवमासे मारावेत की नाही? इंडोनेशिया आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाचा सभासद नाही. देशातल्या कायद्यानं देवमासे संरक्षित आहेत, तरी या गावाच्या पारंपरिक शिकारीकडे सरकार कानाडोळा करतं. मांटा या मोठ्या पाकटाला 2014 पासून देशभर संरक्षण आहे आणि इथे ते जास्त झोंबलं, कारण देवमासा क्वचित मिळायचा, मांटा नेमानं. सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान आखताना गावानं विरोध केला आणि लेंबाताचं पाणी त्यातून वगळलं गेलं. त्याच्या कितीतरी आधी, 1970 च्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं शिकार आधुनिक करायला एक नॉर्वेजियन तज्ज्ञ पाठवला होता. गाव आपल्याच पद्धतीवर राहिलं आणि तज्ज्ञ परत गेला. म्हणजे आधी जगानं यांना जास्त मारायला शिकवू पाहिलं, आता अजिबात मारू नका म्हणतं. बापांना ही गोष्ट फार विनोदी वाटते.

देवमाशाच्या बाजूनंही बोलायला हवं. पिल्लाला दूध पाजणारा तो प्राणी आहे, आणि भाल्याखाली त्याचा जीव सहजासहजी जात नाही. हे मी संध्याकाळी शाळेतल्या तरुण शिक्षकांपाशी बोलले. ते चिडले नाहीत.

‘माझंही मन खातं,’ ते म्हणाले. ‘पण समजा उद्या बंदी आली, तर आम्ही जाळी घेऊन आणखी मासे मारू. जाळीत डॉल्फिनही येतात, पिल्लंही येतात. देवमासा वाचेल, समुद्र वाचेल का? आणि जाळीतला मासा विधवेच्या घरी जात नाही.’

देवमासे दाखवून पर्यटकांकडून पैसे मिळवा, हा सल्ला त्यांनी अनेकदा ऐकला आहे. ‘ताई, तुम्ही इथपर्यंत कशा आलात ते आठवा,’ एवढंच म्हणाले. माझी कंबर त्यांच्या बाजूनं होती.

गावाची खरी पैदास आता शिकलेली माणसं आहे. इंडोनेशियन व्याकरणाची पाठ्यपुस्तकं लिहिणारे गोरिस केराफ इथलेच. 1978 चा त्यांचा प्रबंध लामालेराच्या बोलीवरच आहे. 1999 ते 2001 देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफ हेही इथलेच. देवमासे मारणाऱ्या गावानं पर्यावरणमंत्री दिला! मुलांची फी मुंग्यात भरता येत नाही, म्हणून मर्लिन बर्फात जातो. फी भरली की मूल कुपांग शहराला जातं. गेलेलं मूल वल्ही मारायला परत येत नाही. दहा-बारा वल्हेकरी जमले नाहीत तर पेलेदांग हलत नाही, आणि ती हलली नाही तर लोहाराला, विधवेला, जमिनीच्या मालकांना वाटा नाही. मला तरी देवमाशाआधी ही वाटणीच संपताना दिसते, आणि तिच्या बाजूनं बोलणारी एकही संस्था जगात नाही.

मंगळवार, परतीचा ट्रक

पहाटेच ट्रक निघाला. मालकीणबाईंनी पानात बांधून मक्याचे दाणे दिले आणि खोलीचे पैसे मोजून घेतले, दोन्ही तितक्याच सहजपणे.

शेजारी विशीतला मुलगा, मांडीवर नवी बॅग. लेवोलेबा, तिथून जहाजानं नुनुकान, तिथून मलेशियातल्या साबाहला पामच्या मळ्यात. या जिल्ह्यातली कितीतरी घरं त्या वाटेवर चालतात. घरच्या पेलेदांगवर त्याची वल्ह्याची जागा होती, ती धाकट्या भावाला दिली.

‘भावाला जमतं?’

‘बारावीत आहे. शनिवारी जातो.’

‘आणि बारावी झाल्यावर?’

‘त्याला नर्सिंग करायचंय. फीसाठीच तर मी चाललोय,’ तो म्हणाला आणि मळ्यात टनामागे किती मिळतात ते सांगायला लागला. बोलण्यात पेट्रोल आलं, इंजिनही आलं. दोन वर्षांत जुनी का होईना, पण स्वतःची जोन्सोन घ्यायचा त्याचा बेत आहे. चौघांची होडी, पेट्रोल वजा जाता अर्धा वाटा इंजिनचा. आकडे त्याचे तोंडपाठ होते. आईचा वाटा त्यात कुठे बसतो, असं मी विचारलं. ‘तिला मी पैसे पाठवीन की,’ तो म्हणाला.

लेवोलेबाला पोचेपर्यंत अकरा वाजले. नुनुकानचं जहाज शुक्रवारी होतं, माझी कुपांगची फेरी उद्या.