तेल वाढले!

‘ट्रॅक्टर’ हा शब्द पुल्लिंगी आहे, यापलीकडे त्या यंत्राविषयी मला काही सांगता येत नसे. मराठीच्या प्राध्यापकाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करतही नाही. तरीही गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत एका ट्रॅक्टरचे पालकत्व माझ्याकडे आले.

त्याचे असे झाले. बार्शीजवळच्या आमच्या गावी शेती दादा पाहतो. तो मातीत राहिला म्हणून मला पुण्यास जाऊन एम. ए. होता आले. त्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सोलापुरास ठरली आणि इकडे हरभऱ्याची पेरणी खोळंबली. ट्रॅक्टर १९८२ सालचा, चालवणार पुतण्या. माझ्याकडे काम एकच : रोज सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसायची, बुडवायची आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही, ते दादाला फोनवर कळवायचे.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, “भरपूर आहे.” दुसऱ्या दिवशीही, “भरपूर.” तिसऱ्या दिवशी तेल वरच्या खुणेच्याही वर चढलेले. मला द्रौपदीच्या थाळीची आठवण झाली. मी आनंदाने सांगितले, “दादा, तेल वाढलंय!”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “ट्रॅक्टर बंद ठेव. मिस्त्रीला बोलाव. आत्ताच.”

मिस्त्री आले. त्यांनी डिपस्टिक आधी नाकाशी नेली, मग तेलाचा थेंब बोटांत धरून चोळला. “प्रोफेसरसाहेब, इंजिनात तेल जळून कमी होतं, ते समजू शकतं. आपोआप वाढतं कसं? डिझेल उतरतंय त्यात.”

मी मान डोलावली. पण पुरावा हवा, असा चेहरा केला असावा. त्यांनी विचारले, “टीपकागद आहे?” शाईच्या पेनाने लिहिणारा घरात मी एकटाच! माझ्या विद्वत्तेचा त्या दिवशी झालेला हा एकमेव उपयोग. कागदावर एक थेंब टाकला. दुपारपर्यंत मध्ये काळा डाग राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, पातळ वलय दूरवर पसरले. दुसरा थेंब वहिनींच्या जुन्या, तापलेल्या पळीत टाकला. तो तडतडला नाही. म्हणजे पाणी नव्हते. पाणी असते तर तेल दुधाळही दिसले असते.

मग डिझेल येते कुठून? मिस्त्रींनी तीन संशयित सांगितले : गळका इंजेक्टर, मोठ्या पंपाचे झिजलेले सील आणि फीड पंपाचा फाटलेला पडदा. त्यांनी फीड पंप इंजिनावरून सोडवला, नळी तशीच ठेवून त्याचा हाताचा दांडा हलवला. पंपाच्या खालच्या बाजूने डिझेल टपटपू लागले. आरोपी सापडला. हेच डिझेल थेट चेंबरमध्ये उतरत होते.

फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा बारीक थर असतो. त्यावरच इंजिन तरते. डिझेलने तेल पातळ झाले की तो थर तुटतो आणि धातू धातूला घासतो. पातळी फारच चढली तर इंजिन आपलेच तेल ओढून जाळू लागते आणि मग डिझेल तोडले तरी थांबत नाही. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आणखी दोन दिवस मी ‘भरपूर’ म्हणत राहिलो असतो तर?

नवा पंप, नवे तेल, नवा फिल्टर. दोन दिवसांनी पेरणी सुरू झाली.

दादा काळा चष्मा लावून परतला. मी अपराध्यासारखा उभा. तो म्हणाला, “तुला कळलं नाही, ते ठीक. पण दिसलं तेच सांगितलंस. तेवढ्यानं इंजिन वाचलं.” ज्याच्या डोळ्यावर पट्टी होती त्याला सोलापुरात बसून दिसले, चष्मा पुसून पाहणाऱ्या मला समोर दिसले नाही!

जूनमध्ये महाविद्यालय उघडले. व्याख्यानांच्या टिपणांची जुनी वही काढली. वीस वर्षांत पाने चांगलीच वाढली होती. पूर्वी मला त्याचा अभिमान वाटे. या वेळी मात्र मी एक पान उघडले आणि दोन बोटांत धरून हळूच चोळून पाहिले.