मुळापासून टोकापर्यंत

दाढेसाठी माणूस ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला येतो आणि त्या फोटोत दातांखेरीज बरंच काही उमटतं. दोन्ही कडांना, कानाच्या खाली, एक बारीक हाड लोंबताना दिसतं. त्याचं नाव स्टायलॉइड. खामगावात एक्स-रे वाचत बसणाऱ्या मला जबड्याच्या आसपास सगळ्यात जपून मोजावं वाटतं ते हेच हाड.

त्याची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. जीभ, घसा आणि कंठाकडे जाणारे तीन स्नायू त्यावरूनच निघतात. मेंदूकडे आणि चेहऱ्याकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या त्याला खेटून जातात. हाड वाढलं किंवा त्याच्या टोकाचा बंध हाडासारखा टणक झाला, तर काहींना गिळताना टोचतं, मान वळवली की कानात कळ जाते. अमेरिकेतल्या वॉट ईगल या घशाच्या डॉक्टरांनी 1937 मध्ये हे दुखणं मांडलं, म्हणून त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. आमच्याकडे ते असं येतं: "डाक्टरसाहेब, घशात काटा अडकल्यावानी वाटते. पोयापासून हाय."

मोजणी फोटोच्या आधीच सुरू होते. खामगाव चांदीचं गाव, अंगावर दागिना असतोच. कानातलं राहिलं तर ओपीजीत त्याची भुतासारखी सावली दुसऱ्या बाजूला पडते. मूळ जागेपेक्षा वर, मोठी आणि पुसट. तिच्याखालचं हाड मग धड वाचता येत नाही. मंगळसूत्र काढायला बाया कचरतात. तिथे मी घाई करत नाही. सोबत आलेल्या सासूच्या नाहीतर बहिणीच्या हातात ते ठेवायला सांगतो. मग हनुवटी टेकवायची, दातांत पट्टी धरायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत हलायचं नाही. मान जरा कलली तरी दोन्ही बाजूंची लांबी वेगळी दिसते.

खरी अडचण पुढे आहे. ओपीजी हाड मोठं करून दाखवतो, बऱ्याच यंत्रांत सव्वापटीच्या आसपास. फिल्मवर पट्टी लावून 30 मिलिमीटर भरलेलं हाड प्रत्यक्षात 24 असू शकतं, म्हणजे वाढलेलं नाहीच. शिवाय हे हाड खाली, पुढे आणि आत असं तिरकं जातं, त्यामुळे सपाट चित्रात त्याची खरी दिशा कळत नाही. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये हे फुगणं नसतं. पण तिथेही काप हाडाच्या रेषेत फिरवून घ्यावा लागतो, आडव्या कापावर मोजलं तर माप चुकतं. दातांपुरताच छोटा भाग घेतला असेल तर हाडाचं मूळच कापलं जातं. मी कानाच्या नळीखालच्या हाडाच्या काठापासून टोकापर्यंत मोजतो, दुसऱ्या दिवशी आधीचा आकडा न बघता पुन्हा मोजतो, आणि दोन्हींत फरक आला तर कारण सापडेपर्यंत अहवाल देत नाही.

इतकं करूनही आकडा म्हणजे दुखणं नव्हे. हाड लांब असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा त्रास नसतो, आणि नुसत्या कुतूहलापोटी सीबीसीटी काढून कुणाला किरण देऊ नयेत. टॉन्सिलच्या खोबणीत बोट दाबल्यावर तीच कळ उठते का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोट माझ्या मिलिमीटरइतकंच महत्त्वाचं आहे. 'हाड वाढलंय' एवढी एक ओळ वाचून माणसं ऑपरेशनच्या धास्तीनं झोप घालवून बसतात, हे मी पाहिलं आहे.

म्हणून माझ्या दंतवैद्य मित्रांना विनंती आहे. ओपीजीवर हे हाड लांब दिसलं तर अहवालात तीन गोष्टी लिहा: कुठून कुठपर्यंत मोजलं, यंत्रानं फुगवलेलं माप वजा केलं की नाही, आणि रोग्याला काही त्रास आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर तेही ठळक लिहा.