मोती आणि श्रावकाची जयणा

व्यापाऱ्याची नजर पारखी असते. तुरीचा दाणा तळहातावर घेताच त्याचा ओलावा कळतो आणि मिरचीचा रंग पाहताच ती कोणत्या तोडणीची आहे हे सांगता येते. हीच पारख घेऊन आपल्या घरांतील मुले आता मोबाईलच्या पडद्यावर श्वानांची पिल्ले निरखू लागली आहेत. शुभ्र, रेशमी केसांचा, काळ्याभोर डोळ्यांचा माल्टीज त्यांना विशेष आवडतो. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात असा श्वान आमच्या घरी आहे हे ठाऊक असल्याने अनेक साधर्मिक बंधुभगिनी मला विचारतात, "माल्टीज घ्यावा का?" त्यांना एकेकट्याने उत्तर देण्यापेक्षा ते येथे सविस्तर मांडावे असे वाटले.

मोती आमच्याकडे विकत आलेली नाही. माझी धाकटी बहीण सुरतेस राहत असे. दोन वर्षांपूर्वी तिच्या कुटुंबाचे परदेशी जाणे ठरले. त्या वेळी मोती चार वर्षांची होती. "भैया, तिला विकायचे नाही आणि अनोळखी दारी सोडवत नाही," एवढेच बहीण म्हणाली. घरात विचारविनिमय सुरू झाला. मातोश्रींचा पहिला प्रश्न सरळ होता. रोज सकाळी गावातल्या कुत्र्यांना आपण भाकरी घालतोच, मग घरात हा परदेशी जीव कशासाठी? मी म्हणालो की आपण त्याची निवड करीत नाही, त्याला घर उरलेले नाही. त्या आठवडाभर काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "आणा. पण शोभेसाठी नव्हे. अहिंसा व्रताचे पाच अतिचार टाळता येत असतील तरच आणा."

मातोश्रींची ही अट मला आजही कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी वाटते. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राने सांगितले ते बैल, घोडे, गाई बाळगणाऱ्या गृहस्थासाठी. परंतु तीन-चार किलो वजनाच्या श्वानालाही ते तंतोतंत लागू पडतात.

त्यापूर्वी विकत घेण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येते. १२ व्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ द्विपाद आणि चतुष्पाद जीवांची विक्री असा दिला आहे. धनासाठी पोपट, मांजर, श्वान आदी पोसण्यालाही त्यांनी असतीपोषण म्हटले आहे. येथे कोणी म्हणेल की आम्ही विकत नाही, घेतो. पण आपण व्यापारी माणसे आहोत. गिऱ्हाईक असते म्हणूनच दुकान चालते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पिल्लांचा पुरवठा करण्यासाठी कोठेतरी एक मादी पिंजऱ्यात पुनःपुन्हा विते, हा त्या व्यवहाराचा न दिसणारा खर्च असतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. तरीही माझे मत असे की आपल्या घराने आधी निराधार झालेला जीव शोधावा. मोठ्या शहरांत अशा जातिवंत श्वानांनाही मालक सोडून देतात, ही दुःखद पण खरी गोष्ट आहे.

माल्टीज ही फार जुनी जात. ॲरिस्टॉटलच्या लेखनात मेलिटा येथील लहान श्वानांचा उल्लेख सापडतो. शतकानुशतके या श्वानाला राखणीचे वा शिकारीचे काम नव्हते. माणसाच्या सोबतीला राहणे हेच त्याचे काम. त्यामुळे एकटेपणा त्याला सोसत नाही. आणि येथेच पहिला अतिचार येतो, तो बंध. साखळीने बांधणे हाच केवळ बंध नव्हे. दिवसभर खोलीत कोंडून दुकानावर निघून जाणे हाही बंधच. मोती सकाळी माझ्याबरोबर दुकानात येते आणि गादीशेजारी बसते. मिरचीची पोती आली की मात्र तिला घरी पाठवतो, कारण त्या धुळीने माणसाचेच डोळे झोंबतात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत असते त्या दिवसांत तर तिला त्या बाजूस नेतच नाही.

दुसरा अतिचार वध, म्हणजे मारणे. लहान श्वान भुंकतो फार. घंटा वाजली, गिऱ्हाईक आले की मोतीचा आवाज घुमतो. तिच्यावर काठी उगारायची नाही हा घराचा नियम आहे. लाढ देशात लोकांनी भगवान महावीरांच्या अंगावर कुत्री सोडली, तरी त्यांनी हाती दंड घेतला नाही, हे आचारांग सूत्रात आपण ऐकतो. ती त्यांची साधना होती. आपल्याला निदान घरातल्या मुक्या जीवाशी संयम राखता यावा.

तिसरा छविच्छेद. कान, शेपटी शोभेसाठी कापणे तर दूरच, पण केसांचाही येथे विचार करावा लागतो. माल्टीजला आतली लोकर नसते, फक्त लांब रेशमी केस असतात आणि ते वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होऊन कातडी ओढली जाते. आम्ही ते आखूड ठेवतो, पण कातडीपर्यंत कधीच काढत नाही, कारण पांढरी त्वचा उन्हाने भाजते. डोळ्यांखाली पाण्याचे तांबूस डाग पडतात. घरात पक्के पाणी असतेच. तेच गार करून मऊ कापडाने मातोश्री रोज सकाळी ते पुसतात.

चौथा अतिभारारोपण. एवढ्याशा जीवावर कोण ओझे लादणार, असे वाटेल. पण या जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याची व्याधी आढळते. उंच पलंगावरून उडी, मुलांचे ओढणे, लाडाने वाढलेले वजन हेच तिचे ओझे. खानदेशातला उन्हाळा हे आणखी एक. श्वानाला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा मोतीचे फिरणे सूर्योदयापूर्वी आणि दिवेलागणीनंतर होते. जमिनीवर हाताची पालथी बाजू पाच क्षण ठेववली नाही तर तिला उंबरा ओलांडू देत नाही.

पाचवा अन्नपाननिरोध, आणि याविषयीच सर्वांत अधिक विचारणा होते. श्वान शाकाहारावर जगेल का? मांजर जगू शकत नाही. तिला मांसातूनच मिळणारी काही द्रव्ये लागतात, म्हणून जैन घराने मांजर पाळताना शंभरदा विचार करावा. श्वानाचे तसे नाही. माणसाच्या सोबतीने राहता राहता पिष्टमय पदार्थ पचवण्याची शक्ती त्याच्यात वाढली, हे २०१३ साली शास्त्रज्ञांनी जनुकांच्या अभ्यासातून दाखवले. परंतु नुसती दूध-पोळी घालणे म्हणजे शाकाहार नव्हे. तो अन्नपाननिरोधाचाच एक प्रकार आहे. मुगाची अळणी खिचडी, पनीर, उकडलेला भोपळा आणि त्यांच्या जोडीला पशुवैद्याने ठरवून दिलेले पूर्ण शाकाहारी खाद्य मोतीला मिळते. वर्षातून दोनदा तिचे रक्त तपासतो. आपल्या स्वयंपाकघराचा एक लाभ येथे आपोआप होतो. कांदा आणि लसूण श्वानाला विषासमान, ते आपल्याकडे नसतातच. मात्र शिऱ्यातल्या मनुका आणि मुलांचे चॉकलेट यांवर लक्ष ठेवावे लागते. तिचे दुसरे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. पाणी मात्र रात्रीही तिच्याजवळ असते. चौविहार आपला आहे, तिच्यावर तो लादायचा नाही.

एवढे पाळूनही एक गोष्ट सोपी झाली नाही. पहिल्या पावसाळ्यात मोतीच्या कानामागे गोचीड दिसले. दोन-चार चिमट्याने हळुवार काढून दूर सोडले, पण ती वाढत गेली. पशुवैद्य म्हणाले की गोचीडतापाने श्वान दगावतो, औषध द्यावेच लागेल. औषधाने गोचीड मरणार. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. माझी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "दादी, मोतीला वाचवायचे की त्यांना?" मातोश्रींनी तिला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "ज्याला आपण घरात घेतले त्याचे रक्षण आपले कर्तव्य. पण जे मरतील त्यांचे दुःख मनात राहू दे. त्यासाठी मी प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडं म्हणेन." दुसऱ्या दिवशी औषध दिले. गृहस्थ संकल्पी हिंसा सोडतो, आरंभी हिंसा त्याला पूर्णपणे सुटत नाही, हे मी प्रवचनात अनेकदा ऐकले होते. ते घरात उभे ठाकले तेव्हा त्याचे वजन कळले. तेव्हापासून विंचरणे दिवसातून दोनदा होते आणि चातुर्मासात तिला गवतात सोडत नाही. जीव उत्पन्नच होऊ नयेत एवढी स्वच्छता राखणे, ही त्यावरची खरी जयणा.

गोचरीचा प्रश्नही असाच सुटला. वाटेत बसलेल्या श्वानाला ओलांडून किंवा हुसकावून साधूने घरात शिरू नये, असे दशवैकालिक सूत्रात आहे. म्हणजे दोष श्वानाचा नव्हे. दार मोकळे ठेवणे हे आपले काम. साध्वीजी येण्याच्या वेळी मोतीला मागच्या पडवीत घेऊन मुलगी बसते.

तेव्हा माल्टीज घ्यावा का, याचे माझे उत्तर असे. हा श्वान बारा ते पंधरा वर्षे जगतो. तितकी वर्षे रोज विंचरायला वेळ, उन्हाळ्यात गार जागा, जाणता पशुवैद्य आणि दिवसभर घरात एक तरी माणूस असेल, तर एखाद्या निराधार झालेल्या श्वानाला जरूर घर द्यावे. यांतील एकही गोष्ट नसेल, तर सकाळी दाराशी येणाऱ्या गावच्या कुत्र्याला भाकरी आणि पाण्याचे भांडे ठेवावे, जवळच्या पांजरापोळीस साहाय्य करावे. तीही जीवदयाच आहे. मुलांना मात्र एक गोष्ट आधीच समजावून सांगावी. दुकानातला माल पसंत पडला नाही तर परत घेतला जातो, पण एकदा घराचा झालेला जीव परत देता येत नाही.