किडीने टोकरलेली रत्ने

मम्मटाने अकराव्या शतकात काव्याची व्याख्या करताना शब्दार्थ दोषरहित असावेत अशी अट घातली. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त तिच्यावर नेमके बोट ठेवले : ही अट काटेकोरपणे लावली तर काव्य या नावाला पात्र असे फारच थोडे उरेल, कदाचित काहीच उरणार नाही. किडीने टोकरले म्हणून रत्नाचे रत्नपण जात नाही. त्याच्या मोलात तेवढे तारतम्य पडते. अलंकारशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा वाद एका प्रश्नापुरता येतो आणि परीक्षेबरोबर विस्मरणात जातो. तो पुन्हा जिवंत होतो एका अनपेक्षित ठिकाणी, अद्भुतरम्य व्हिडिओ गेम्सच्या जगात. या जगातील मनापासून आवडलेल्या कृती आठवाव्यात, तर त्यांतली एकही निर्दोष निघत नाही.

या खेळांचे परीक्षण बहुधा गुणपत्रिकेच्या पद्धतीने होत आले आहे. चित्रणाला इतके, ध्वनीला इतके, नियंत्रणाला इतके आणि कथेला इतके गुण. मग त्यांची सरासरी. या पद्धतीत दोष म्हणजे निव्वळ वजाबाकी. आनंदवर्धनाची दृष्टी याहून सूक्ष्म होती. श्रुतिदुष्टासारखे दोष अनित्य आहेत, असे तो मानतो. शृंगारात खटकणारी वर्णांची कठोरता रौद्रात खटकत नाही, उलट तेथे ती उपकारकच ठरते. म्हणजे दोषाची परीक्षा रसापासून तोडून करता येत नाही. व्हिडिओ गेममध्ये तर हा विचार अधिकच निकडीचा होतो, कारण येथे नट आणि प्रेक्षक एकच असतो. दोष त्याच्या डोळ्यांना दिसतो तसा त्याच्या बोटांनाही जाणवतो.

फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाचा 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) हे याचे बोलके उदाहरण. मृत तरुणीला परत आणण्यासाठी वाँडर नावाचा युवक एका निषिद्ध प्रदेशात येतो. सोळा महाकाय प्राण्यांचा वध केला तर ते शक्य होईल, असे एक अदृश्य वाणी त्याला सांगते. या विस्तीर्ण प्रदेशात गावे नाहीत, दुकाने नाहीत, वाटेत आडवे येणारे किरकोळ शत्रूही नाहीत. सोबतीला आहे तो अ‍ॅग्रो नावाचा घोडा, आणि हा घोडा सांगितलेले लगेच ऐकत नाही. वळायला वेळ घेतो, कड्यापाशी अडतो, कधी आपल्या मनाने वाट धरतो. कळ दाबताच आज्ञापालन व्हावे ही ज्याची सवय, त्याला हा सरळसरळ दोष वाटतो. पण अखेरच्या लढाईपूर्वी कोसळत्या पुलावरून वाँडरला पुढे भिरकावून अ‍ॅग्रो स्वतः दरीत पडतो, तेव्हा खेळणाऱ्याच्या घशाशी जो आवंढा येतो तो त्या हट्टीपणाशिवाय आला नसता. आज्ञाधारक यंत्र हरवल्याचे दुःख कोणी करीत नाही. रिकाम्या माळाचेही तसेच. प्रत्येक वधानंतर विजयाऐवजी अपराधाची जी जाणीव मागे राहते, तिला त्या निर्जन पल्ल्यात मुरायला अवकाश मिळतो. वीराच्या आवरणाखाली येथे करुण वाहतो आहे, आणि संथपणा व अवघडलेपणा हे त्या करुणाचे अनित्य दोष आहेत.

मात्र याच खेळात एक दोष असा होता की ज्याला हे समर्थन लागू पडत नाही. प्लेस्टेशन २ या यंत्राला एवढे मोठे जग पेलवत नसे. ऐन लढाईत चित्रांची गती मंदावे, दृश्य अडखळे. २०१८ मध्ये ब्लूपॉइंट या संस्थेने नव्या यंत्रासाठी हा खेळ पुन्हा घडवला. तो अडखळा गेला, घोड्याचा स्वभाव मात्र राहिला. नव्या आवृत्तीत करुण उणावत नाही. पाठचिकित्सकाला दोन प्रतींच्या तुलनेतून मिळावा तसा हा पुरावा आहे. जे काढून टाकल्याने रसाला धक्का लागत नाही, ते मुळातही रसाचे अंग नव्हते. जुन्या प्रतीवरील प्रेमापोटी त्या अडखळण्यालाही सौंदर्य म्हणू लागणे हा आस्वाद नव्हे, तो मोह आहे.

'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) या अमेरिकन खेळाबाबत हा मोह आणखी प्रबळ होतो. स्मृती गमावलेला एक अनाम पुरुष शवागारात जागा होतो. त्याच्याच पाठीवर त्याच्यासाठी सूचना गोंदलेल्या असतात. त्याला मरण येत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर तो पुन्हा उठतो आणि पूर्वीच्या आयुष्यांत आपण कोणाकोणाचा घात केला ते त्याला हळूहळू कळत जाते. माणसाचा स्वभाव कशाने पालटतो, हा प्रश्न ही कृती पुन्हा पुन्हा विचारते. तिचे सामर्थ्य संवादांत आहे, इतके की अंतिम प्रतिस्पर्ध्यासमोरही शस्त्राऐवजी शब्दाने शेवट गाठता येतो. परंतु उत्तरार्धात संवाद विरळ होत जातात आणि नीरस लढाया वाढतात. नायक अमर असल्याने लढाईत ताण नसणे स्वाभाविकच आहे, असा बचाव करता येईल. तो चातुर्याचा आहे, खरा नाही. ताणाचा अभाव आणि कंटाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वनाथाचे रत्न ते हेच : टोकरलेले आहे, आणि रत्न आहे.

याउलट काही दोष थेट रसाच्या मुळाशी जातात. 'ऑब्लिव्हियन' (२००६) या खेळातले अरण्य, त्यातली पहाट, दूरवर दिसणारा नगराचा मनोरा हे सारे मोहून टाकणारे आहे. पण तेथे नायकाचे बळ वाढेल तसतसे शत्रूंचेही वाढते. परिणामी कालांतराने आडवाटेचा सामान्य लुटारू राजाला शोभावे असे दुर्मीळ चिलखत घालून उभा राहतो, आणि मागतो काय, तर शंभर मोहरा! अंगावरचे चिलखत विकून ज्याला आयुष्यभर बसून खाता आले असते, त्याची ही मागणी हास्यास्पद होते. अद्भुताचा स्थायिभाव विस्मय. जगाला आपली स्वतःची उंची असेल तरच त्याच्यासमोर विस्मित होता येते. जे जग खेळणाऱ्याच्या मापाने सतत बेतले जाते, ते आरशासारखे होते. आरशापुढे फार काळ विस्मय टिकत नाही. हा दोष नित्य म्हणावा लागेल.

अखेर 'झेनोगिअर्स' (१९९८). तेत्सुया ताकाहाशी यांचा हा महत्त्वाकांक्षी खेळ दोन डिस्कवर आला. मुदतीत काम पुरे होण्याजोगे नव्हते. पहिल्या डिस्कपाशीच थांबण्यापेक्षा दुसरीत कथा संक्षेपाने संपवण्याचा मार्ग पत्करला, असे त्यांनी २०१७ मध्ये सांगितले. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर पात्रे खुर्चीत बसतात आणि घडलेले सांगतात. धनंजयाच्या 'दशरूपका'ने नीरस वा अनुचित तेवढे सूच्य ठेवावे आणि रसभावांनी भरलेले दृश्य करावे, असा विवेक शिकवला. येथे नेमके दृश्यच सूच्य झाले आहे. दोष निर्विवाद आहे. तरीही त्या खुर्चीपाशी खेळणारा उठून जात नाही. पहिल्या डिस्कवरच्या दीर्घ सहवासात ही माणसे त्याची झालेली असतात. त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेणे हे त्याला आपले देणे वाटते.

हे देणे समीक्षेने नाकारू नये आणि त्याचा निर्णयात रूपांतर करण्याचा उतावीळपणाही करू नये. रत्नावरचे प्रेम खरे असते, आणि कीडही खरीच असते. कीड दिसल्यावरही ते हातातून खाली ठेववत नाही, एवढे प्रामाणिकपणे नोंदवले तरी पुष्कळ झाले.