मरणाला सासर म्हणणारा कवी

उपनगरात मरणाची बातमी सोसायटीच्या फळ्यावर येते. घाटकोपर असो की बोरिवली, जिन्याखाली खडूने लिहिलेले असते: तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, साडेदहाला नेणार. त्याच फळ्यावर खाली दुसरी सूचना असते: टाकीची सफाई, दुपारी पाणी नाही. लोक दोन्ही वाचतात, बादल्या भरून ठेवतात आणि खांदा द्यायला उतरतात. पाहुण्याला यात कोरडेपणा दिसेल. भास्कर रामचंद्र तांब्यांना मात्र तो दिसला नसता.

‘तांबे यांची समग्र कविता’ माधव जूलियनांनी संपादित केली, 1935 साली. संपादक कवीपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण तोच आधी गेला, 1939 मध्ये. तांबे 1941 पर्यंत होते. जन्म 1873 चा, मुंगावलीचा. पुढचे आयुष्य देवास-ग्वाल्हेरकडच्या, गाणे मुरलेल्या संस्थानी मुलखात गेले. म्हणूनच की काय, त्यांची कविता कागदावरही गाणेच असते. कित्येक कवितांच्या माथ्यावर रागाचे नाव आहे. मुलुंडहून सुटणाऱ्या गाडीत हे पुस्तक उघडायची सोय नाही. ओठ हलू लागतात आणि समोरची बाई बघत राहते.

या गोडव्याचा एक धोकाही आहे. यातल्या काही कवितांना लाभलेली वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज कानात इतका मुरलेला असतो की शब्दांतले मरण ऐकूच येत नाही. नववधूची ती प्रसिद्ध कविता लग्नघरात हौसेने लावतात. प्रियकराच्या दारी जायची ओढ, आणि उंबरठ्याशी पाय अडलेले. शेवटी उमगते, की ही वाट ज्या घरी जाते तेच खरे घर. माहेर म्हणजे हा संसार. तिथे रडारड होईल, पण घटकाभरच.

दुसऱ्या एका कवितेत सखा मध मागतो. बोलणाऱ्याचे घट रिते झाले आहेत. उरली आहे नैवेद्यापुरती वाटीभर दुधाची शिल्लक आणि अंगणात देवासाठी कशीबशी जगवलेली कोरांटी. गुलाब नाही, मोगरा नाही, काटेरी कोरांटी! प्रेम आटले म्हणून भक्ती आली, असा हा हिशेब नाही. ज्या हातांनी मध वाढला तेच हात आता दूध राखून ठेवतात, एवढेच. तांबे गृहस्थाश्रमी प्रेमाचे कवी. देवाकडे जाताना त्यांना घर मोडावे लागत नाही.

आणि तिसरी, फळ्याशी नाते सांगणारी. मी गेलो तर लोक क्षणभर हळहळतील, मग सूर्य उगवेल, मेघ बरसतील, सगेसोयरे आपापल्या कामाला लागतील. इतके वाचून अनेक जण थांबतात आणि कवीला निराश ठरवतात. शेवटच्या कडव्यात कवी विचारतो, की अशा जगासाठी कुढावे कशाला, आणि हरीचा दूत दारी आला तर तोंड का फिरवावे?

मला वाटते, या तीन कविता एकमेकींशेजारी ठेवल्या तरच तांबे पुरते कळतात. सासरी जाणाऱ्या मुलीचा पदर माहेराने धरून ठेवला तर तिचे जाणे होणार कसे? जग विसरते म्हणून जाणारा मोकळा होतो. ज्याला आपण दुनियेचा निर्दयपणा म्हणतो, तो तांब्यांच्या लेखी निरोप देण्याचाच एक प्रकार आहे. साडेदहाला माणूस जातो, दुपारी टाकी धुतली जाते, आणि दोन्हींत विसंगती नाही.

मात्र हे शहाणपण ज्याच्या घरातून माणूस गेला त्याला लगेच ऐकवू नये. पहिले काही दिवस त्याला माणसे लागतात, डबा लागतो, स्मशानाचा दाखला आणायला कोणीतरी लागते. तेरावे झाले, नातलग पांगले, फळ्यावर नवी सूचना आली, की मग हे पुस्तक त्याच्याकडे न्यावे. आणि वाचून न दाखवता तसेच ठेवून यावे. चाल त्याला ठाऊक असतेच.