'अशनी संकेत'ला, धानाच्या मुलखातून

प्रिय 'अशनी संकेत',

तू पडद्यावर आलास त्याला पन्नास वर्षं उलटली, तरी तुझ्याविषयीचा वाद मिटलेला नाही. 1973 मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तुला सुवर्ण अस्वल मिळालं आणि त्याच काळात जाणत्या लोकांनी तुला दोषही दिला. दुष्काळ इतका देखणा असतो का, असं ते विचारत होते. सत्यजित राय यांनी तुला रंगीत का केलं? सौमेंदू राय यांच्या कॅमेऱ्याला बीरभूमची हिरवाई एवढी का भुलली? अनंगा झालेल्या बबिताच्या चेहऱ्यावर भुकेच्या दिवसांतही एवढं तेज कसं?

हा आक्षेप शहरात बसून घेतलेला आहे, असं मला गोरेगावातून वाटतं. आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. श्रावणात कोहमाऱ्याच्या रस्त्यानं निघालं की दोन्ही बाजूंच्या बांध्या डोळ्यांत मावत नाहीत. रोवणी आटोपलेली असते, तलाव भरलेले असतात. अन् नेमक्या याच दिवसांत अनेक घरांतला जुना धान संपलेला असतो, नवा निसवायला अवकाश असतो. बाहेर सगळं हिरवं आणि घरातली कोठी रिकामी, हे आमच्या आज्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसतं. दुष्काळ म्हटलं की मराठवाड्यातली भेगाळलेली जमीन आठवते. तुझा दुष्काळ, 1943 चा बंगालचा, तसला नाहीच. तुझ्यात पाऊस पडतो, झाडं पालवतात, आणि माणसं मरतात.

आकडेही तुझ्याच बाजूचे आहेत. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये हिशेब मांडून दाखवला की 1943 मध्ये बंगालमध्ये तांदूळ 1941 पेक्षा कमी नव्हता, उलट सुमारे 13 टक्के जास्तच होता. डिसेंबर 1942 मध्ये कलकत्त्याच्या घाऊक बाजारात मणाला 13-14 रुपये पडत होते, ते ऑगस्ट 1943 मध्ये 37 वर गेले. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता, तिकडचा तांदूळ बंद झाला होता. सैन्याची खरेदी, व्यापाऱ्यांची साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई एकावर एक चढत गेली. ज्याच्या हातात फक्त मजुरी होती, तो शेतमजूर आणि कोळी आधी गेला. दुसऱ्यांचा धान कांडून पोट भरणाऱ्या बायाही त्यातच गेल्या. आमच्याकडे आता गिरण्या आहेत, पण धान कांडून पसाभर तांदूळ आणणाऱ्या बाया आठवणारी माणसं गावोगाव आहेत. तुझ्यातली अनंगा, गावच्या एकुलत्या ब्राह्मणाची बायको, जेव्हा तांदळासाठी कांडायला जाते, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तिथंच कळलं.

म्हणून रंगांच्या बाबतीत मी तुझ्या बाजूचा. तू काळापांढरा असतास तर भुकेचा दोष निसर्गावर गेला असता.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दलचा. तू अर्ध्यावरच थांबतोस, भूक खरी पेटते तिथंच संपतोस, असं म्हणणाऱ्यांना तुझं मूळ माहीत नसावं. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांनी ही कादंबरी पुरी केलीच नाही. 1950 मध्ये ते गेले, पुस्तक 1959 मध्ये निघालं, तेही अपुरंच. 'पथेर पांचाली' देणाऱ्या लेखकाचं अपुरं लेखन हाती घेताना राय यांच्यापुढे मोह असणार: पुढचं रचावं, कलकत्त्याच्या फुटपाथवरची प्रेतं दाखवावीत. त्यांनी गाव सोडलं नाही. गावाला काय घडतंय ते कळतच नाही. कुठंतरी लढाई आहे, सिंगापूर पडलं, ते कुठं आहे कुणास ठाऊक. अपुऱ्या कादंबरीला हीच दृष्टी शोभते.

तुझ्यातली मोती झाडाखाली मरते, ती जातीनं अस्पृश्य, म्हणून जवळ कुणी जात नाही, आणि अनंगाचा नवरा गंगाचरण तिचा हात हातात घेतो. आयुष्यभर दक्षिणेवर आणि मानावर जगलेला माणूस त्या क्षणी काय टाकून देतो, ते विदर्भातल्या माणसाला चटकन कळतं. आंबेडकरांना मानणाऱ्या आमच्या वस्त्यांमध्ये हे दृश्य पाहताना कुणी रंगांबद्दल बोलणार नाही. तुझा शेवट खरं तर तिथंच होतो.

मग मात्र तू माझी निराशा करतोस. क्षितिजावरून म्हातारा भटजी आपलं कुटुंब घेऊन येतो, काळ्या आकृती वाढत जातात, आणि वर अक्षरं उमटतात: बंगालमध्ये पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली, हा मानवनिर्मित दुष्काळ होता. सरकारी चौकशी आयोगानं 15 लाख म्हटलं, सेन यांनी 30 लाखांच्या आसपास. पण माझी तक्रार आकड्याची नाही. घटकाभर आधीपर्यंत तू गावाएवढंच जाणत होतास, आणि अचानक तू इतिहासाच्या पुस्तकासारखा बोललास. लेखकानं जे उघडं सोडलं होतं, ते तू त्या अक्षरांनी बंद केलंस. ती अक्षरं नसती तर कारण शोधण्याचं काम आमच्यावर राहिलं असतं, आणि ते आम्हाला जमलं असतं.

तरीही तू गोरेगावला यावंस, मराठी अक्षरांसह, एखाद्या शाळेच्या सभागृहात. दिवाळीनंतरचे दिवस बरे. धान चुरून झालेला असतो, खरेदी केंद्रावर माप होऊन चुकारे अडकलेले असतात, आणि स्वतःचा धान विकलेला माणूस राशनच्या रांगेत तांदूळ घ्यायला उभा असतो. तुझ्यातल्या सधन विश्वासच्या घरचा तांदूळ कुठं गेला आणि भाव कुणी ठरवला, यावर त्या रात्री इथं वाद होईल. त्या वादात बायांना पुढं बसवायचं, एवढं मी पाहीन.

तुझा,
गोरेगावचा एक प्रेक्षक